वैवाहिक समाधान आणि श्रद्धा: मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने संशोधनाची पायाभरणी कशी करावी?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. मानसशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाला श्रद्धा आणि वैवाहिक समाधान हा विषय पुढच्या दहा-पंधरा वर्षांसाठी घ्यायचा आहे, असं धरून विचारते आहे. कच्चा आराखडा असा: अडीचशे विवाहित व्यक्ती, समाधानाची एक प्रश्नावली, "प्रार्थनास्थळात किती वेळा जाता?" हा एक प्रश्न, आणि दोन्हींचा सहसंबंध (एक वाढलं की दुसरं किती वाढतं-घटतं ते सांगणारा आकडा).

शंका चार आहेत. एवढं मोजून भागेल का? नवरा आणि बायको दोघांकडून उत्तरं घेतली तर विश्लेषण कसं बदलतं? प्राध्यापक स्वतः श्रद्धावान असेल, किंवा अजिबात नसेल, तर निष्कर्षांवर त्याची सावली पडू नये म्हणून नेमकं काय करायचं? आणि हा विषय वर्गात शिकवताना कुठे जपावं?

सविस्तर लिहिलंत तर इतरांनाही उपयोग होईल.

मोजपट्टी

भागणार नाही. आधी श्रद्धेच्या मापनाचं बोलू, कारण या क्षेत्रातले बहुतेक अभ्यास तिथेच लंगडे पडतात.

"किती वेळा जाता?" हा प्रश्न सवय मोजतो. तेच उत्तर शेजारधर्म, घरातल्यांचा आग्रह, प्रकृती किंवा अंतर यांमुळेही येतं. गॉर्डन ऑलपोर्ट आणि मायकेल रॉस यांनी १९६७ मध्येच दोन प्रकार वेगळे काढले होते: श्रद्धा हेच ज्याच्या जगण्याचं प्रयोजन आहे तो, आणि श्रद्धेचा आधार, ओळखी किंवा प्रतिष्ठेसाठी उपयोग करणारा. दोघेही दर आठवड्याला प्रार्थनेला दिसू शकतात. निदान दहा विधानांची तरी मापनी घ्या. एव्हरेट वर्दिंग्टन आणि सहकाऱ्यांची २००३ मधली धार्मिक बांधिलकीची मापनी दहा विधानांची आहे: सहा विधानं वैयक्तिक श्रद्धेची, चार समुदायातल्या सहभागाची, एकूण गुण १० ते ५०. सॅम्पलमध्ये अनेक धर्मांचे लोक असतील तर श्टेफान हूबर यांची धार्मिकतेच्या केंद्रस्थानाची मापनी बघा. ती विचार, विश्वास, सामुदायिक आचरण, खासगी आचरण आणि अनुभव अशी पाच अंगं मोजते, आणि तिच्या बहुधर्मीय आवृत्त्याही आहेत.

पण खरी मेख पुढे आहे. अ‍ॅनेट महोनी, केनेथ पार्गमेंट आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ९७ जोडप्यांच्या अभ्यासात दोन थर वेगळे केले. दूरचे घटक म्हणजे माणूस एकंदरीत किती धार्मिक आहे. जवळचे घटक म्हणजे श्रद्धा त्या लग्नाच्या आत कशी उतरली आहे: दोघं मिळून काही धार्मिक गोष्टी करतात का, आपल्या नात्याला पवित्र मानतात का, त्यात ईश्वराचा हात बघतात का. समाधान आणि भांडणाच्या पद्धती यांचं स्पष्टीकरण जवळच्या घटकांनी जास्त दिलं. २०२० मध्ये सामंथा जोएल आणि सहकाऱ्यांनी ४३ डेटासंचांमधली ११,१९६ जोडपी मशीन लर्निंगनं तपासली, तेव्हाही सूर तोच निघाला. नात्याबद्दलच्या घटकांनी सुरुवातीच्या समाधानातला ४५ टक्क्यांपर्यंत फरक समजावला, तर वैयक्तिक गुणवैशिष्ट्यांनी २१ टक्क्यांपर्यंत. एकच प्रश्न विचारायची मुभा असेल तर "किती वेळा जाता" सोडा आणि "जोडीदारासाठी प्रार्थना करता का" विचारा.

इथे एक सापळा आहे. "आमचं नातं ही ईश्वराची कृपा आहे" या विधानाला समाधानी माणूस सहज होकार देतो, म्हणजे श्रद्धेच्या नावाखाली आपण पुन्हा समाधानच मोजत असतो. दोन्ही मापन्यांची विधानं एकत्र घालून घटक-विश्लेषण करा, म्हणजे कोणती विधानं एकमेकांसोबत जातात ते बघा. ती दोन वेगळ्या गटांत पडली नाहीत तर सहसंबंध कितीही देखणा असो, तो छापू नये.

आता समाधान. ग्रॅहॅम स्पॅनियर यांची १९७६ मधली ३२ विधानांची मापनी सर्वांत जास्त वापरली गेली आहे. गुण ० ते १५१, आणि मूळ सॅम्पलमध्ये विवाहितांची सरासरी ११४.८, घटस्फोटितांची ७०.७. तिची अडचण अशी की एकमत, सहवास आणि प्रेमव्यक्ती हे समाधानाचे घटक तिनं समाधानाच्या गुणांतच मिसळले आहेत. मग "मतं जुळली की समाधान वाढतं" असा निष्कर्ष निघाला तर तो आपण मापनीतच आधी पेरलेला असतो. शिवाय ती विकत घ्यावी लागते. जेनेट फंक आणि रोनाल्ड रॉग यांची २००७ मधली मापनी मला अधिक पटते. ३२, १६ आणि ४ विधानांच्या तिच्या आवृत्त्या आहेत आणि संशोधनासाठी ती मोफत आहे. १६ विधानांच्या आवृत्तीत गुण ० ते ८१, आणि ५१.५ च्या खाली गेल्यास नातं अडचणीत आहे असं धरतात. तीन विधानांची कॅन्सस मापनी झटपट भरून होते, पण समाधानी जोडप्यांचे गुण तिथे वरच्या टोकाला जाऊन चिकटतात आणि फरक दिसेनासा होतो.

सॅम्पलबद्दल थोडं. ०.१० चा सहसंबंध ८० टक्के खात्रीनं पकडायला सुमारे ७८० माणसं लागतात, ०.२० चा पकडायला सुमारे १९५, ०.३० चा पकडायला ८५. एकंदर धार्मिकता आणि समाधान यांचा संबंध बहुतेक वेळा लहान असतो, म्हणून अडीचशे अपुरे. फक्त प्रार्थनास्थळांतून माणसं गोळा केलीत तर सगळेच धार्मिक निघतील, गुणांचा पल्ला आक्रसेल आणि असलेला संबंधही दिसणार नाही. चार वेगवेगळ्या वाटांनी माणसं मिळवा आणि कोण कुठून आलं याची नोंद ठेवा.

शब्दांचा_कीस

मोजपट्टी यांच्या उत्तराला भाषांतराची जोड देतो, कारण मापनी मराठीत आणताना ती नकळत वेगळंच काहीतरी मोजायला लागते.

"समाधानी" हा शब्द घ्या. मराठीत समाधान असतं आणि समाधान मानून घेतलेलंही असतं. "तुम्ही तुमच्या संसारात किती समाधानी आहात?" याला वीस वर्षं मन मारून राहिलेली व्यक्तीही "समाधानी आहे" म्हणते, आणि खोटं बोलत नसते. शेजारी "सुखी", "आनंद वाटतो", "हवंहवंसं वाटतं" अशी विधानं ठेवली तर दोन्ही अर्थांची फारकत करता येते.

भांडणाचंही तसंच. "भांडण" म्हटलं की आवाज चढलेला दिसतो, "कुरबुर" म्हटलं की क्षुल्लक वाटतं, आणि "मतभेद" म्हटलं की सभेतला शब्द वाटतो. तिन्हींची वारंवारता वेगळी येणार. "वादावादी" त्यातल्या त्यात मधला. "पवित्र" या शब्दाला शुद्ध-अशुद्धतेची छटा आहे, म्हणून एखाद्या विधानात "मंगल" किंवा "देवाघरचं" घालून चाचणी घ्या. "आध्यात्मिक" आणि "धार्मिक" हे तर अनेक जण एकमेकांच्या विरुद्ध अर्थानं वापरतात. एकाच प्रश्नात "धार्मिक किंवा आध्यात्मिक" असं कधीच लिहू नका.

कामाचा क्रम: दोन भाषांतरकार वेगवेगळे बसून मराठी मसुदा करतात, मग एकत्र बसून एक मसुदा ठरवतात. मूळ प्रश्नावली न पाहिलेला तिसरा माणूस तो मसुदा परत इंग्रजीत नेतो. ही उलट भाषांतराची पद्धत रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या १९७० च्या कामातून रूढ झाली. पण उलट भाषांतर जुळलं म्हणजे झालं, असं नाही. शब्दाला शब्द ठेवलेलं बोजड मराठीच उलट भाषांतरात सर्वांत छान जुळतं! त्यामुळे पुढची पायरी गाळू नका. आठ-दहा जणांसमोर प्रश्नावली ठेवा आणि प्रत्येक विधानाला विचारा, "हे वाचून तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं? तुमच्या शब्दांत सांगा." जिथे तिघं अडखळले ते विधान बदला. त्यानंतर तीसेक जोडप्यांवर चाचणी. दुहेरी नकाराची विधानं ("मला कधीच असं वाटत नाही की...") याच टप्प्यावर पकडली जातात. त्यांची उत्तरं इतरांच्या उलट दिशेला जातात आणि मापनीची विश्वसनीयता पाडतात.

एक_अधिक_एक

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते.

दीडशे जोडप्यांचा डेटा म्हणजे तीनशे सुटे लोक नव्हेत. नवरा-बायकोची उत्तरं एकमेकांत गुंतलेली असतात. तीनशे धरून साधं रिग्रेशन (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधणारं समीकरण) लावलं तर चूक दोन्ही बाजूंनी होते. दोघांसाठी समान असलेल्या गोष्टी (लग्नाला झालेली वर्षं, मुलांची संख्या) तपासताना प्रमाणत्रुटी (अंदाज किती हलू शकतो त्याचं माप) खोटी लहान येते आणि नसलेला परिणाम दिसतो. जोडीच्या आतल्या गोष्टी (नवरा की बायको) तपासताना ती खोटी मोठी येते आणि असलेला परिणाम हुकतो.

यावरचा रूढ उपाय म्हणजे डेव्हिड केनी यांचं कर्ता-जोडीदार परस्परावलंबन प्रतिमान (मॉडेल). प्रत्येकाच्या समाधानावर दोन बाण येतात: स्वतःच्या श्रद्धेचा (कर्ता परिणाम) आणि जोडीदाराच्या श्रद्धेचा (जोडीदार परिणाम). दोघं मिळून चार बाण होतात, शिवाय दोघांच्या श्रद्धेतला सहसंबंध आणि दोघांच्या उरलेल्या त्रुटींमधला (प्रतिमानाला समजावता न आलेल्या भागांमधला) सहसंबंध. "मी श्रद्धाळू असल्यानं मी समाधानी" आणि "माझी बायको श्रद्धाळू असल्यानं मी समाधानी" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या मूळ आराखड्यात दुसरी विचारताच येत नाही.

फाइल अशी लावा. प्रत्येक जोडप्याच्या दोन ओळी, आणि स्तंभांत जोडी क्रमांक, भूमिका, स्वतःची श्रद्धा, जोडीदाराची श्रद्धा, स्वतःचं समाधान. दुसऱ्या ओळीत पहिल्या दोन गुणांची अदलाबदल होते. ती हातानं करू नका. हातानं केलेल्या फायलीत निदान एक जोडी उलटी लागतेच.

गुणांचं प्रमाणीकरण सगळ्या तीनशे लोकांची मिळून एकच सरासरी आणि एकच प्रमाण विचलन घेऊन करायचं. नवऱ्यांचं वेगळं आणि बायकांचं वेगळं केलं तर दोघांच्या बाणांची तुलनाच करता येत नाही. ही चूक छापील लेखांतही सापडते. "बायकांच्या बाबतीत परिणाम लक्षणीय, नवऱ्यांच्या बाबतीत नाही" एवढ्यावरून फरक सिद्ध होत नाही. दोन्ही बाण समान धरलेलं प्रतिमान चालवा, बाण वेगळे राहू दिलेल्या मोकळ्या प्रतिमानाशी ताडून बघा, आणि काय-वर्गातला (प्रतिमान डेटाशी किती जुळत नाही त्या आकड्यातला) फरक एका मुक्तमात्रेला, म्हणजे एका जादा मोकळ्या बाणाला, ३.८४ च्या वर गेला तरच "फरक आहे" म्हणा. आर या मोफत सॉफ्टवेअरमधल्या लावान पॅकेजमध्ये हे सगळं होतं.

जोडीदारांच्या श्रद्धेतला फरक तपासायचा असेल तर एकाचे गुण दुसऱ्यातून वजा करू नका. १० आणि १० यांची वजाबाकी शून्य, ५० आणि ५० यांचीही शून्य, पण ही दोन घरं एकसारखी नाहीत. दोघांचे मूळ गुण आणि त्यांचा गुणाकार असे तिन्ही प्रतिमानात ठेवा. आणि फरक कशातला, तेही स्पष्ट करा. कर्टिस आणि एलिसन यांच्या २००२ च्या अभ्यासात पंथाच्या नावापेक्षा आचरणातला आणि शिकवणीबद्दलचा फरक वादाशी जास्त जोडलेला दिसला.

गोळा करतानाच्या गोष्टी. प्रत्येकाला वेगळा दुवा पाठवायचा, ०३७-अ आणि ०३७-ब असा संकेतांक देऊन. एकाच दुव्यावर दोघांचे फॉर्म ठेवले तर बऱ्याच घरांत एकच माणूस दोन्ही भरतो. पडताळणी म्हणून दोघांना लग्नाचं वर्ष आणि पहिली भेट कशी झाली ते वेगवेगळं विचारा. दोन्ही फॉर्म लागोपाठ, त्याच उपकरणावरून आणि शब्दशः सारखे आले तर ती जोडी बाजूला काढा. मानधन व्यक्तीला द्या, जोडीला नको. जोडीला दिलं तर एक जण दुसऱ्यावर भरण्याची सक्ती करतो. एकानं माघार घेतली तर दुसऱ्याच्या उत्तरांचं काय होणार, हे संमतीपत्रात आधीच लिहून ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: एकाचं उत्तर दुसऱ्याला कधीही कळता कामा नये. निकालाच्या सारांशातही "तुमच्या जोडीचे गुण" असं काही पाठवू नका. घरात हिंसा असेल तर त्या एका ओळीनं कुणाला तरी मार बसू शकतो. मदतकेंद्रांची यादी सरसकट सर्वांना द्या. फक्त हिंसेचं उत्तर देणाऱ्यांना दिलीत तर ती यादीच उत्तर फोडते.

वर्गातला_फळा

चौथ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे शिकवण्याबद्दल.

या कोर्समध्ये मुलांना सर्वांत आधी शिकवायची गोष्ट म्हणजे भाकिताचा पाया, म्हणजे ती गोष्ट मुळात किती जणांच्या बाबतीत घडते ते प्रमाण. "पंधरा मिनिटांचं संभाषण पाहून नव्वद टक्के अचूकतेनं घटस्फोट सांगता येतो" असं त्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं. फळ्यावर हजार जोडपी मांडा. पुढच्या काही वर्षांत त्यांतली १० टक्के विभक्त होतात असं धरू, म्हणजे १०० विभक्त आणि ९०० एकत्र. कसोटी दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक. विभक्त होणाऱ्यांपैकी ९० पकडली जातात, आणि एकत्र राहणाऱ्यांपैकीही ९० चुकून त्याच खुणेखाली येतात. "तुम्ही वेगळे होणार" असं सांगितलेल्या १८० पैकी निम्म्यांच्या बाबतीत ते चूक ठरतं. आणि कुणालाच न तपासता "एकही जोडपं विभक्त होणार नाही" म्हटलं तरी अचूकता नव्वद टक्केच! रिचर्ड हेमन आणि अ‍ॅमी स्लेप यांनी २००१ मध्ये हीच हरकत घेतली होती: ज्या सॅम्पलवरून समीकरण बनवलं त्याच सॅम्पलवर ते तपासलं, तर ते भाकीत नव्हे. नव्या सॅम्पलवर लावल्यावर अचूकता किती घसरते, ते मुलांना स्वतः काढू द्या.

तरीही जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांची निरीक्षणाची पद्धत शिकवलीच पाहिजे, कारण संवादाकडे बारकाईनं बघायची शिस्त तिथून लागते. टीका, तुच्छता, बचाव आणि भिंत होऊन बसणं या चार वर्तनांची नोंद करायला द्या. मुलांना तक्रार आणि टीका यांतला फरक हमखास चुकतो. "काल तू फोन केला नाहीस, मी वाट बघत होते" ही तक्रार. "तुला कधी कुणाची पर्वाच नसते" ही टीका. दोन विद्यार्थ्यांनी १०० वाक्यांपैकी ८० वाक्यांवर एकमत दाखवलं तर ती खूश होतात. मग कापा (योगायोगानं होणारी जुळणी वजा केल्यावर उरणाऱ्या एकमताचा आकडा) काढायला लावा. दोघांनीही ३० टक्के वाक्यं नकारात्मक ठरवली असतील तर निव्वळ योगायोगानंच ०.३ × ०.३ + ०.७ × ०.७ म्हणजे ५८ टक्के जुळणी झाली असती. (०.८० − ०.५८) ÷ ०.४२ म्हणजे ०.५२. यथातथाच. हा आकडा पाहिल्यावर नोंदीचे नियम पुन्हा लिहायला मुलं आपण होऊन बसतात.

यासाठी लिहून तयार केलेले संवाद वापरा, मुलांच्या घरातले नकोत. "तुमच्या आईवडिलांच्या लग्नाचं विश्लेषण करा" हा स्वाध्याय सर्रास दिला जातो आणि तो देऊ नये. गुण देणाऱ्यासमोर घरची दुखणी उघडी करायची सक्ती होते, आणि ज्याच्या घरात खरोखर काही घडलं आहे त्याला एक तर खोटं लिहावं लागतं किंवा न सांगायचं सांगावं लागतं. पर्याय द्यायचाच तर काल्पनिक जोडपं हा मुख्य पर्याय ठेवा.

श्रद्धेवरच्या तासाला हात वर करून "कोण मानतं, कोण नाही" असं कधी विचारू नका. पहिल्या तासाला हे स्पष्ट सांगावं की गुण युक्तिवादाला आणि पुराव्याला आहेत, श्रद्धा असण्या-नसण्याला नाहीत. मग उत्तरपत्रिका तपासतानाही ते पाळलं जावं, म्हणून नावं झाकून तपासा.

दिवा_आणि_वात

तिसऱ्या प्रश्नावर इतरांनी अजून लिहिलं नाही, तो मी घेतो. माझ्या मते हाच सर्वांत अवघड आहे, आणि "मी तटस्थ राहीन" असं मनाशी ठरवून तो सुटत नाही. व्यवस्था लावावी लागते.

एक: डेटा हाती येण्यापूर्वी गृहीतक, सॅम्पल, विश्लेषण आणि "काय निघालं तर मी चूक ठरेन" हे सार्वजनिकरीत्या नोंदवून ठेवा. श्रद्धावान संशोधकाला जोडीदारासाठीच्या प्रार्थनेचा परिणाम आला नाही की "मापन कमी पडलं" असं वाटतं, आणि अश्रद्ध संशोधकाला परिणाम आला की "सामाजिक आधार मोजायचा राहिला" असं वाटतं. दोघांनाही नंतर नवे घटक घालत बसण्याचा मोह होतो, आणि आधीची नोंद तो मोह अडवते. दोन: श्रद्धेच्या बाबतीत तुमच्यापेक्षा वेगळा असलेला सहसंशोधक सुरुवातीपासून घ्या. विधानांची निवड होत असतानाच त्याची गरज असते, लेख लिहिताना फार उशीर झालेला असतो. तीन: तुलनेचा गट प्रामाणिक ठेवा. फ्रँक फिंचम, नॅथनियल लॅम्बर्ट आणि स्टीव्हन बीच यांनी २०१० मध्ये जोडीदारासाठीची प्रार्थना आणि बेइमानी यांचा संबंध तपासला, तेव्हा एका गटानं चार आठवडे जोडीदारासाठी प्रार्थना केली आणि दुसऱ्या गटांपैकी एकानं तितकाच वेळ जोडीदाराबद्दल चांगले विचार केले. नुसतं "काहीच न करणारा" गट ठेवला असता तर फरक प्रार्थनेचा की जोडीदाराची रोज आठवण काढण्याचा, हे कळलंच नसतं.

चार: तुमची भूमिका लपवू नका. लेखात एक वाक्य पुरतं.

श्रद्धा, विवाह आणि विज्ञान एकाच कारकिर्दीत कसं नांदतं याचं उदाहरण हवं असेल तर वर उल्लेख झालेल्या बांधिलकीच्या मापनीचे वर्दिंग्टन यांची वाटचाल अभ्यासण्यासारखी आहे. मूळ शिक्षण अणुअभियांत्रिकीचं. मग मानसशास्त्राकडे वळून मिसुरी विद्यापीठाची डॉक्टरेट, आणि १९७८ पासून निवृत्तीपर्यंत व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठात अध्यापन. हे सरकारी विद्यापीठ, आणि स्वतः उघडपणे ख्रिस्ती. त्यांनी दोन वाचकवर्ग वेगळे ठेवले: शास्त्रीय नियतकालिकांसाठी शास्त्राच्या नियमांनी, ख्रिस्ती वाचकांसाठी श्रद्धेच्या भाषेत. जोडप्यांसाठी त्यांनी आशाकेंद्री पद्धत बांधली, आणि क्षमेसाठी पाच पायऱ्या: दुखावणं आठवणं, समोरच्याच्या जागी उभं राहणं, क्षमा भेट म्हणून देणं, तिची जाहीर बांधिलकी घेणं आणि शंका आली तरी ती टिकवणं. क्षमेवरचं काम सुरू झालेलं असतानाच त्यांच्या आईची घरात घुसलेल्या चोराच्या हातून हत्या झाली, आणि त्याबद्दल त्यांनी स्वतः जाहीरपणे लिहिलं आहे. ज्या पद्धतीवर आपली श्रद्धा आहे ती इतरांना तपासू देणं, हा या कारकिर्दीतला घेण्यासारखा भाग. २०२४ मध्ये पाच देशांतल्या ४,५९८ लोकांवर या पाच पायऱ्यांच्या सुमारे तीन तासांच्या कार्यपुस्तिकेची यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेली) चाचणी प्रसिद्ध झाली. पुस्तिका नंतर मिळणार म्हणून वाट बघत ठेवलेल्या गटापेक्षा ती भरणाऱ्यांत क्षमाशीलता वाढली आणि चिंता-नैराश्याची लक्षणं घटली. २०११ च्या त्यांच्या सहलेखनातल्या मेटा-अ‍ॅनालिसिसचा (अनेक अभ्यासांच्या आकड्यांच्या एकत्रित विश्लेषणाचा) निष्कर्षही लक्षात ठेवा: तीच उपचारपद्धती श्रद्धेसह आणि श्रद्धेशिवाय दिली, तर मानसिक लक्षणांत फरक पडला नाही, आध्यात्मिक बाबींत मात्र श्रद्धेसहची सरस ठरली. श्रद्धावान संशोधकानं हा निकाल जसाच्या तसा छापला, यात त्याची किंमत आहे.

एक_अधिक_एक

दिवा_आणि_वात यांच्या क्षमेच्या मुद्द्याला एक गंभीर पुरवणी. जेम्स मॅकनल्टी यांच्या नवविवाहितांवरच्या अभ्यासांत दुसरी बाजू आहे. जोडीदार वारंवार वाईट वागत असेल तर जास्त क्षमा करणाऱ्यांचं समाधान पहिल्या दोन वर्षांत घसरलं (२००८). आणि चार वर्षांच्या पाठपुराव्यात, कमी क्षमा करणाऱ्यांना सोसावी लागणारी आक्रमकता कमी झाली, तर जास्त क्षमा करणाऱ्यांच्या वाट्याची तशीच राहिली (२०११). म्हणून क्षमा किंवा "नातं पवित्र आहे" ही भावना मोजताना जोडीदाराचं वागणं सोबत मोजलं नाही तर निष्कर्ष धोकादायक ठरू शकतो. समुपदेशनात तो सरसकट सल्ला म्हणून गेला तर मार खाणारी व्यक्ती आणखी अडकते.

पाटीपेन्सिल

खूप आभार. आराखडा बदलते: दीडशे जोडपी, दोघांची उत्तरं, जवळचे धार्मिक घटक. आणखी दोन शंका. एका वेळच्या सर्व्हेनंतर पुढचा अभ्यास कोणता? आणि पुष्कळ ठिकाणी एकच जोडीदार उत्तर द्यायला तयार होईल, त्या फॉर्मचं काय करायचं?

मोजपट्टी

पुढचा अभ्यास रोजनिशीचा करा, चार वर्षांचा पाठपुरावा लगेच नको. चौदा रात्री, दोघांना वेगवेगळे पाच-सहा प्रश्न, ठरलेल्या वेळी आठवण. आज जोडीदारासाठी प्रार्थना केली का, आज वादावादी झाली का, आज किती जवळ वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदम भरलेल्या नोंदी वगळायच्या, कारण त्या त्याच दिवशीच्या राहत नाहीत, मागाहून आठवून लिहिलेल्या असतात. विश्लेषणात प्रत्येकाची स्वतःची सरासरी वेगळी काढा आणि रोजचा आकडा त्या सरासरीपासून किती दूर गेला ते वेगळं ठेवा. "जास्त प्रार्थना करणारे लोक जास्त समाधानी" हा एक प्रश्न आहे, आणि "ज्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त प्रार्थना झाली त्या दिवशी जास्त जवळ वाटलं का" हा दुसरा. दोन्हींची उत्तरं उलटसुलट येऊ शकतात: लोक वाईट दिवशीच जास्त प्रार्थना करतात.

दीर्घ पाठपुरावा करायचाच झाला तर लग्नाला सहा महिने व्हायच्या आत सुरुवात करा आणि दर सहा महिन्यांनी मापन. जस्टिन लॅव्हनर आणि थॉमस ब्रॅडबरी यांनी २०१० मध्ये ४६४ नवविवाहित व्यक्तींची चार वर्षांची वाटचाल मांडली, तेव्हा बहुतेकांचं समाधान बऱ्यापैकी स्थिर निघालं आणि मोठी घसरण एका लहान गटातच दिसली. "लग्नानंतर सगळ्यांचंच समाधान उतरतं" असं गृहीत धरून एकच सरासरी रेषा काढू नका. विभक्त झालेली जोडपी नंतरच्या फेऱ्यांत उत्तरं देत नाहीत, त्यांना वगळलंत तर उरलेली रेषा आपोआप गोजिरी दिसते.

एकट्याच्या फॉर्मबद्दल: फेकू नका. मुख्य विश्लेषणात पूर्ण जोड्याच घ्या, आणि एकट्यांचे गुण पूर्ण जोड्यांतल्या लोकांशी ताडून बघा. एकट्यांचं समाधान स्पष्टपणे कमी निघालं तर तुमच्या पूर्ण जोड्या सुखी बाजूला झुकलेल्या आहेत, आणि ते मर्यादांच्या परिच्छेदात आकड्यासकट लिहायचं. एकट्यांकडून जोडीदाराच्या श्रद्धेबद्दलही विचारता येतं, पण लेखात त्याला "जोडीदाराची श्रद्धा" म्हणू नका. ती उत्तर देणाऱ्याला वाटणारी श्रद्धा आहे. नकाराचं कारण सौम्यपणे विचारायला एक मोकळी ओळ ठेवा: वेळ नाही, विषय खासगी वाटतो, की जोडीदाराला विचारायचंच नाही. तिसरं कारण देणाऱ्यांना जोडीदाराचा दुवा पुन्हा पाठवू नका.